मालगाडीच्या खऱ्या वाघिणींवर बेतलेली मॉडेल्स कशी जमवावीत

मॉडेल रेल्वेच्या दुकानात नजर आधी जाते ती रंगीत डब्यांवर. पैसे काढण्यापूर्वी एक साल ठरवा. अमेरिकेतल्या एकाच मालगाडीत देशभरच्या रेल्वे कंपन्यांच्या वाघिणी मिसळलेल्या असत, त्यामुळे कंपनीपेक्षा सालाचं बंधन जास्त कामाला येतं. समजा 1953 धरलं. वाफेची आणि डिझेलची इंजिनं तेव्हा शेजारी शेजारी धावत होती. त्या वर्षी रुळांवर नसलेलं काहीही घ्यायचं नाही.

आता भिंग घेऊन डब्याची बाजू वाचा. ‘बीएलटी 3-48’ (बीएलटी म्हणजे ‘बिल्ट’, बांधल्याची तारीख) अशी अक्षरं दिसली, तर मूळ डबा मार्च 1948चा. एवढ्यावर थांबू नका. रिकाम्या वजनाशेजारी फेरवजनाची तारीख असते, तीही 1953च्या पुढची नको. एसीआयची, म्हणजे डबे यंत्राने आपोआप ओळखण्याच्या पद्धतीची, रंगीत पट्ट्यांची पाटी असेल तर डबा सरळ परत ठेवा, ती 1967 नंतरची. छपरावर चालायची फळी मात्र हवीच. 1966पासून नव्या डब्यांना ती देणं बंद झालं.

खरी मेहनत पुढे आहे. मॉडेल बनवणारे बऱ्याचदा एकच साचा वापरून त्यावर वीस कंपन्यांची नावं छापतात. म्हणून त्या क्रमांकमालिकेतल्या खऱ्या डब्याचा फोटो शोधा आणि छप्पर, टोकं, दरवाजा एकेक करून ताडून पाहा. पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीचा 1947पासूनचा पीएस-1 हा बॉक्सकार (बंद मालडबा) छपराच्या पत्र्यांवरच्या बो-टायसारख्या उठावांवरून ओळखू येतो. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा जुना एक्स29 बॉक्सकार त्याच्याहून जवळपास दोन फुटांनी बुटका. 1:87च्या एचओ मापात हा फरक सुमारे सात मिलिमीटर होतो आणि डबे शेजारी ठेवले की लगेच दिसतो. फोटो दोन्ही बाजूंचे मिळवा. सांता फे रेल्वेच्या 1940च्या दशकातल्या डब्यांवर एका बाजूला नकाशा, तर दुसऱ्या बाजूला घोषवाक्य असे.

संग्रहात साध्या तांबूस-तपकिरी बॉक्सकार जास्त घ्या, गाडी खरी वाटते ती त्यांच्यामुळेच. भडक जाहिरातींच्या शीतडब्यांचा मोह होतोच. पण त्यांना 1930च्या दशकातच बंदी आली होती, तेव्हा 1953च्या गाडीत ते नकोत.

घरी आणल्यावर डबा काट्यावर ठेवा. चाळीस फुटी बॉक्सकार एचओमध्ये 14 सेंटिमीटर भरते, तिचं वजन साधारण 105 ग्रॅम हवं. कमी भरलं तर आत वजन चिकटवा, नाहीतर वळणावर घसरेल. मग क्रमांक वहीत लिहा आणि पुढच्या खरेदीला वही सोबत न्या. एकाच क्रमांकाचे दोन डबे एका गाडीत चालत नाहीत.