जुना गिटारिस्ट बँडमध्ये परतला, आता अल्बम : दोन गिटार जुळवून रेकॉर्ड कशा करायच्या

ख्रिस्ती मेटल ओळखलं जातं ते शब्दांवरून. बाकी गिटार, ड्रम, घसा फोडून गाणं सगळं इतर मेटलसारखंच असतं, त्यामुळे अल्बम फसतो तोही तिथेच, गिटारमध्ये. काही वर्षं बाहेर असलेला गिटारिस्ट परत आला की बँड उत्साहाने थेट गाणी रचायला बसतो. त्याआधी एक कंटाळवाणं काम उरकायला हवं. दोघांच्या तारा, पिक आणि उजवे हात एकमेकांशी जुळवायचे. ते न जुळवता वाजवलेल्या गिटार पुण्या-मुंबईच्या कितीही नावाजलेल्या मिक्सिंगवाल्याकडे पाठवल्या, तरी तो आवाज सुधारून देईल, वाजवणं नाही.

सांगली, मिरज, कुपवाडच्या बँडला ड्रम सोडून बाकी सगळं घरच्या खोलीत, एक लॅपटॉप आणि दोन इनपुटचा इंटरफेस (गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) एवढ्यावर करता येतं.

तारा, नट, मान

तो गेल्यानंतर बँड बहुतेक वेळा खालच्या सुरात उतरलेला असतो आणि तो मात्र जुन्याच ट्यूनिंगची गिटार घेऊन येतो. ट्यूनिंग ठरवताना गाणाऱ्याचा गळा बघा, गिटारिस्टची सवय नाही. समजा ड्रॉप सी ठरलं, म्हणजे जाड तारेकडून सी-जी-सी-एफ-ए-डी. जुनी गाणी नव्याने करणार असाल आणि त्यांचं ट्यूनिंग वेगळं असेल, तर एका ट्यूनिंगची सगळी गाणी आधी संपवा, मगच दुसऱ्याला हात लावा. दर गाण्याला तारा वर-खाली केल्या की गिटारची मान स्थिर राहत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे टेक (रेकॉर्ड केलेलं एकेक वाजवणं) पहिल्या दिवसाशी जुळत नाहीत.

२५.५ इंच स्केलच्या, म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या तेवढ्या लांबीच्या, गिटारला ड्रॉप सीसाठी ११-५६ चा सेट पुरतो (हे आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). २४.७५ इंचाच्या गिटारला १२-६० घ्या, कारण स्केल आखूड असल्याने तीच तार त्याच सुरात जास्त ढिली पडते. एकाकडे एक आणि दुसऱ्याकडे दुसरी गिटार असेल तर दोघांचे सेट वेगळे असणारच, त्यात काही गैर नाही. तार बारीक पडल्याची खूण सोपी आहे. जाड तार जोरात मारली की ट्यूनरचा काटा आधी वर उडतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. रिफमध्ये (गाण्यात परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्यात) प्रत्येक पहिला ठोका बेसूर लागतो तो यामुळे, आणि दोष मात्र पिकअपला दिला जातो.

जाड तार आली की नटची, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची, खाच कमी पडते. ४६ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ५६ किंवा ६० ची तार वर अडकून बसते. खुंटी फिरवताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, ते हेच. खाच रुंद करायची, खोल नाही. या बाबतीत मिरजकरांचं नशीब चांगलं. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि बारीक कानसकाम करणारे हात आपल्याच गावात आहेत. सतारमेकरांकडे नट न्यायला हरकत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट सांगा : इथे जवारी नको. तंबोऱ्याच्या घोडीला मुद्दाम किंचित गोलाई देऊन झंकार काढतात. गिटारच्या नटवर तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर नेमकी टेकली पाहिजे आणि मागे खुंट्यांकडे उतरती गेली पाहिजे, नाहीतर उघडी तार सतारीसारखी वाजेल.

ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक सांभाळणारी आतली सळई, मात्र स्वतःच फिरवा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. मोजायला मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायचा फीलर गेज चालतो, ०.२० चं पातं काढून घ्या. फट जास्त असेल तर रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी पाव आटा, परत ट्यूनिंग, आणि रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजणी. आवळताना रॉड अडला तर जोर लावू नका, मान तुटण्यापेक्षा पुण्याच्या गिटार कारागिराकडे एक फेरी स्वस्त. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड हलतं, त्यामुळे पावसाळ्यात रेकॉर्डिंग असेल तर दर आठवड्याला ही फट बघावी लागते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला २ मिमी, बारीक बाजूला १.६ मिमी ठेवा. घरी मऊ वाजवताना ती थोडी उंच वाटेल, पण जोरात मारायला लागलात की हीच उंची तारेचं खडखडणं थांबवते.

मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर गेल्यावरही सूर बरोबर लागणं. बारावा फ्रेट दाबून वाजलेला सूर उघड्या तारेपेक्षा (एक सप्तक वर धरून) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागे, उतरलेला असेल तर पुढे. तपासताना रिफमध्ये मारता तेवढ्याच जोरात मारा.

परत आलेल्याकडे तरंगता फ्लॉइड रोझ ब्रिज (स्प्रिंगांवर तोललेला, दांड्याने सूर हलवता येणारा) असेल तर जाड तारांनी तो पुढे झुकतो. मागच्या खाचेत तीनऐवजी चार किंवा पाच स्प्रिंगा लावा. अल्बममध्ये त्या दांड्याचा उपयोग नसेल तर लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिज जाम करणं सगळ्यात बरं, कारण तरंगत्या ब्रिजवर पाम म्यूट (तळहाताच्या कडेने तारा दाबून बंद ठोके मारणं) करताना तळहाताच्या दाबाने सूर चढतो आणि दुसऱ्या गिटारशी भांडायला लागतो.

उजवा हात

इथे घाई करू नका. पिक दोघांचा सारखा घ्या, १ मिमी किंवा त्याहून जाड. मग प्रत्येक रिफ कागदावर उतरवा आणि स्वरांखाली ‘खाली’, ‘वर’ असं लिहा. एकजण सगळे ठोके खाली मारतो आणि दुसरा वर-खाली मारतो, तेव्हा स्वर तेच असूनही वजन वेगळं पडतं. मिनिटाला १८० मात्रांच्या लयीत अर्ध्या मात्रेचे ठोके म्हणजे सेकंदाला सहा. एवढे सगळे खाली मारायला सराव लागतो, आणि मधली काही वर्षं फक्त उपासनेत अकूस्टिक वाजवलेल्या हाताला तो राहिलेला नसतो. दिवसाला वीस मिनिटं क्लिकवर (मेट्रोनोमच्या टिकटिकीवर), १४० पासून चढत जायचं.

आता चाचणी. गाण्याच्या खऱ्या लयीत पाम म्यूटची आठ आवर्तनं (बार) दोघांनी वेगवेगळे रेकॉर्ड करायचे, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे टाकायचा, मग स्क्रीनवर मोठं करून बघायचं. १८० च्या लयीत पाव मात्रा म्हणजे ८३ मिलिसेकंद. दोन ठोक्यांमध्ये पाच-दहा मिलिसेकंदांचा फरक चालतो, त्यानेच आवाज रुंद होतो. वीस-पंचवीसच्या पुढे गेला की एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. एकजण सगळीकडे सारखाच मागे असेल तर त्याच्या हाताला दोष देण्याआधी हेडफोन बघा. ब्लूटूथ हेडफोन ऐकवण्यातच शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर करतात, रेकॉर्डिंगला वायरचाच हवा. सॉफ्टवेअरमध्ये बफर (ऐकवण्याआधी आवाज साठवण्याची जागा, मोठी असली की उशीर वाढतो) १२८ सॅम्पलवर आणा. तरीही फरक कधी पुढे कधी मागे दिसत असेल, तर तो हाताचाच आहे.

तळहात कुठे टेकतो तेही एकमेकांचं बघा. हाताची कड सॅडलवरच हवी. तिथून सेंटिमीटरभर आत सरकली की ठोका बसका होतो.

कोणी कोणती बाजू वाजवायची

यावरून भांडणं होतात. परत आलेल्याला मान द्यायचा म्हणून सगळं अर्धं-अर्धं वाटलं जातं आणि वेगवान गाणी चिखल होतात. नॉर्वेच्या एक्स्टॉल या ख्रिस्ती मेटल बँडचा २०१३ चा अल्बम बघा. त्यात परतलेल्या ओले बोरुडनेच गिटार आणि बास दोन्ही वाजवले आहेत. एकच हात असला की घट्टपणा आपोआप येतो. पण बँडमध्ये दोन गिटारिस्ट हजर असताना एकाला पूर्ण बाजूला बसवणंही बरोबर नाही. साधारण १६० च्या वर पाव मात्रांचे रिफ आणि गॅलप (घोड्याच्या टापांसारखे ठोके) असतील तिथे डावी-उजवी दोन्ही एकानेच वाजवावी, ज्याचा चाचणीत फरक कमी आला त्याने. मध्यम लयीत आणि मोकळ्या कॉर्डवर एकेक बाजू वाटून घ्यावी. तिथे दोन हातांचा फरक कानाला बरा वाटतो. जुनी गाणी त्याने रचली असतील तर त्यातली मुख्य रिफ त्याचीच.

लीडमध्ये (पुढे ऐकू येणाऱ्या धुनेत) दोन गिटार तिसऱ्या स्वराच्या (सा-ग सारख्या) अंतराने जोडीने चालत असतील, तर व्हायब्रेटो, म्हणजे स्वर हलवणं, जुळवावा लागतो. एकाचा रुंद आणि संथ, दुसऱ्याचा अरुंद आणि जलद असला तर सूर बरोबर असूनही बेसूर भासतो. लांब स्वरावर कितव्या मात्रेला हलवायला सुरुवात करायची तेवढं तरी ठरवून घ्या.

दोन्ही बाजूंना दोन वेगळे टेकच हवेत. एकच टेक कॉपी करून दुसऱ्या बाजूला टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो. कॉपी थोडी सरकवली तर हेडफोनवर रुंद वाटेल, पण एकाच स्पीकरच्या मोबाइलवर पोकळ वाजेल.

खोलीतली वीज आणि डीआय

इंटरफेसवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलंच इनपुट वापरा. लाइन इनपुटात गिटार घातली की वरचे सूर मरतात आणि तारा जुन्या झाल्यासारखं वाटतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सगळ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास. अँप सिम्युलेटरमधून ऐकत वाजवलं तरी कोरा डीआय ट्रॅक (अँपशिवाय, गिटारमधून थेट आलेला आवाज) कायम जपून ठेवा. पुढे आवाज आवडला नाही तर पुन्हा वाजवायला लागत नाही.

घरात गुणगुण येत असेल तर आधी कारण शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, कित्येकदा तीक्ष्ण किरकिर तिथेच थांबते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्वस्त एलईडी दिवे बंद करा. गिटारच्या तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घरातलं अर्थिंग तपासायला हवं. जुन्या घरांत आणि चर्चच्या हॉलमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण मागे अर्थची वायर जोडलेलीच नसते. वायरमनला बोलावून ती करून घ्या. अँपची अर्थ पिन काढून गुणगुण घालवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, त्यात जीव जातो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका. लॅपटॉप बॅटरीवर आणि इंटरफेस यूएसबीवर चालवला तर डीआय अगदी स्वच्छ येतो.

गेन

गेन म्हणजे अँपमध्ये आवाज किती फाडायचा ते. स्टेजवर लागतो तेवढा गेन अल्बमला नको. दोन टेक एकावर एक आले की विकृती (डिस्टॉर्शन) वाढल्यासारखी ऐकू येते. एकट्या गिटारला बरोबर वाटेल तिथून गेन साधारण एक तृतीयांश उतरवा, मिड (मधले सूर) अजिबात खाली ओढू नका. एकटी ऐकताना गिटार नाकात बोलल्यासारखी वाटेल, ड्रम-बास आले की तीच जागेवर बसते. ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं गिटारमधून कापा, ती जागा बासची आहे. बासची जाड तार किमान ११० ची हवी, नाहीतर सी वर ती फडफडेल. नॉइज गेट (वाजवणं थांबलं की खरखर बंद करणारं साधन) डीआयवर, अँपच्या आधी लावा, आणि लीडला तो सैल ठेवा, नाहीतर लांब स्वराचं शेपूट तुटतं.

ड्रमबद्दल एवढंच : गिटारच्या आधी पक्के करा. प्रोग्राम केलेले असले तरी.

शब्द आणि हक्क

शब्द जुन्या मराठी ख्रिस्ती पदांतून घेता येतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली. त्यांचं निधन १९१९ चं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य खुलं होतं, म्हणजे त्यांचे शब्द वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र त्यांच्या पदांना नंतर कुणी चाल लावली असेल तर ती चाल खुली असेलच असं नाही. पवित्र शास्त्राच्या चालू मराठी भाषांतरातले उतारे जसेच्या तसे घेणार असाल तर प्रकाशकांना लिहून विचारा. ओवी-अभंगाचे लांब ‘आ’ आणि ‘ए’ ग्राउलमध्ये (घशातून गुरगुरत गाण्यात) छान उघडतात, ‘ई’ मात्र आवळला जातो. ओळीचा शेवट ‘ई’वर येत असेल तर ती जागा स्वच्छ आवाजाला द्या.

परत आलेल्याच्या जुन्या रिफ नव्या गाण्यांत येणार असतील, तर संगीतकार म्हणून कुणाचा किती टक्के वाटा ते रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. मंडळीतले सगळे भाऊ-भाऊच आहेत म्हणून हा कागद टाळला जातो आणि तोच पुढे नडतो.

मिक्सिंगला पाठवताना

प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्य सेकंदापासून काढा, मधूनच सुरू होणाऱ्या फाइली पाठवू नका. फाइलच्या नावात गाणं, बाजू आणि वाजवणाऱ्याचं नाव असू द्या. सोबत डीआय, लयीचा आकडा, लय बदलत असेल तर टेम्पो मॅपची (लय कुठे किती होते त्याच्या नोंदीची) मिडी फाइल, आणि तुम्हाला आवडलेल्या अँपच्या आवाजाचा एक नमुना. सगळ्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा. सांगलीत असाल तर ते घर २०१९ च्या पुरात पाणी न शिरलेलं निवडा आणि डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा. पाठवण्याआधी ती प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून सगळे ट्रॅक वाजतात का ते एकदा बघा.