मांजराला गुंगीच्या इंजेक्शननंतर उलटी होते? या चुका टाळा

गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच मांजर ओठ चाटू लागतं, लाळ गळते आणि उलटी होते. पोट भरलेलं होतं म्हणून असं झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. मग पुढच्या वेळी मांजराला आदल्या संध्याकाळपासूनच उपाशी ठेवतात. सगळ्यात मोठी चूक हीच.

झायलाझिन, डेक्समेडेटोमिडिन ही गुंगीची औषधं मेंदूतून उलटी घडवतात. पोट रिकामं असलं तरी उमासे येऊ शकतात. मांजराने विषारी काही गिळलं तर ते ओकवण्यासाठीही पशुवैद्य हीच औषधं वापरतात! उपाशी ठेवायचं ते उलटीतलं अन्न श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, आणि निरोगी मोठ्या मांजराला त्यासाठी साधारण 3 ते 4 तास पुरतात. त्याहून जास्त ताणलं तर पोटातलं आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचा धोका वाढतो. पिल्लांची तर रक्तातली साखर उतरते. त्यांच्यासाठी आणि मधुमेही मांजरांसाठी वेळ डॉक्टरांनाच विचारा. पाणी मात्र उगाच तोडू नका.

दुसरी चूक वेळेची. उलटी रोखणारं मॅरोपिटंट गुंगीच्या इंजेक्शनबरोबरच दिलं, तर त्याला काम करायला अवधीच मिळत नाही. ते आधी द्यावं लागतं, गोळी असेल तर आदल्या दिवशीच. म्हणून मागच्या वेळी उलटी झाली होती हे टेबलावर नव्हे, अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. मग डॉक्टरांना औषधांची जोडीही बदलता येते. गुंगीबरोबर देतात त्या वेदनाशामकांत मॉर्फिनऐवजी ब्युटॉर्फनॉल वापरलं तर उलट्या कमी होतात. डोळ्याला जखम असेल तर हे आवर्जून बोला, कारण उमाशांनी डोळ्यातला दाब वाढतो.

घरातल्या माणसांच्या उलटीवरच्या गोळ्या देऊ नका. त्यातलं मेटोक्लोप्रमाइड ज्या डोपामिनच्या (मेंदूतल्या एका रसायनाच्या) मार्गाने उलटी थांबवतं, त्याचा मांजराच्या उलटीत फारसा वाटा नसतो. शिवाय डोस चुकण्याची भीती आहेच.

घरी आणल्यावर लगेच वाटी पुढे करू नका. मांजर नीट चालू लागलं, मान सावरू लागली की आधी थोडं पाणी, मग अगदी थोडं खाणं. पुन्हापुन्हा उलटी झाली, खोकला आला किंवा ते तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.