‘आलाच न्हाई मेल’ म्हणण्याआधी या चुका टाळा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत बसलो होतो. मालक पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर तिसऱ्यांदा सांगत होते, “आलाच न्हाई हो मेल.” पलीकडचा म्हणत होता, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि ड्रॉइंग पाठवून पंचवीस दिवस झाले. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मेल आला होता, पण स्पॅममध्ये पडून होता. आणि जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं. म्हणजे हातात पाच दिवस उरले होते.

त्यांची पहिली चूक मी बऱ्याच ऑफिसांत बघतो. मेल जीमेलचा, पण काँप्युटरवर तो आउटलुकमध्ये पीओपी पद्धतीनं, म्हणजे सर्व्हरवरचा इनबॉक्स काँप्युटरवर उतरवून घेण्याच्या पद्धतीनं, घेतलेला. पीओपीनं स्पॅम खाली येतच नाही, तो सर्व्हरवरच राहतो. मग आउटलुकचं जंक फोल्डर दिवसभर धुंडाळलं तरी काय मिळणार? ब्राउझर उघडून थेट जीमेलमध्येच बघावं लागतं. तिथंही नुसतं नाव टाकून शोधू नका, कारण साधा शोध स्पॅम आणि ट्रॅश वगळून चालतो. शोधचौकटीच्या उजव्या टोकाच्या खुणेवर क्लिक करून ‘मेल अँड स्पॅम अँड ट्रॅश’ निवडा. पीओ तिथंच सापडली.

उघडल्यावर वरच्या पट्टीत तो मेल स्पॅममध्ये का टाकला, त्याचं कारण दिसतं. इथं ते घरातलंच निघालं. डिस्पॅचच्या पोरानं त्याच पत्त्यावरून येणाऱ्या सणांच्या शुभेच्छांना वैतागून ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबलं होतं. “डिलीटच की ते, न्हवं?” असं त्यानं मला विचारलं. न्हवं, बाबा. नको असलेला मेल डिलीट करायचा किंवा अनसबस्क्राइब करायचा. चार जण एकच आयडी वापरत असतील, तर एकानं दाबलेलं बटण चौघांना भोवतं.

सापडल्यावर लोक अटॅचमेंट उतरवतात आणि मेल तिथंच सोडतात. ‘नॉट स्पॅम’ दाबा, तरच तो इनबॉक्समध्ये येतो आणि फिल्टरलाही कळतं. पाठवणाऱ्याला काँटॅक्टमध्ये घ्या. कायमचे गिऱ्हाईक असेल तर काँप्युटरवरून त्या पत्त्याचा फिल्टर करून ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’वर खूण करा, मोबाइलच्या ॲपमध्ये ही सोय नाही. पत्ता ब्लॉक केलेल्या यादीत नाही ना, तेही बघून घ्या. ब्लॉक केलेल्याचे मेल थेट स्पॅममध्येच जातात.

फिल्टर मात्र पूर्ण पत्त्याचा किंवा त्या कंपनीच्या डोमेनचा (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाचा) करा. एका हुशारानं सगळ्या जीमेल पत्त्यांनाच मोकळीक देऊन ठेवली होती. म्हणजे चोराला दार उघडून वर चहाचं आमंत्रण!

स्पॅममधला प्रत्येक मेल निर्दोष नसतो, हेही आहेच. ‘आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट इथं करा’ असा मेल असेल तर पत्त्यातलं एकेक अक्षर वाचा आणि जुन्या नंबरवर फोन लावा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

स्पॅममध्येही नसेल तर? इनबॉक्सचा ‘प्रमोशन्स’ टॅब चाळा. कंपनीचा मेल मायक्रोसॉफ्ट किंवा गुगल वर्कस्पेसवर असेल, तर तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित मेल वेगळे अडवून ठेवतात तिथं, अडकलेला असू शकतो. तो कंपनीचे मेल सांभाळणाऱ्या ॲडमिनला सोडवता येतो. जीमेलची १५ जीबी जागा भरली असेल तर मेल आत येतच नाही, पाठवणाऱ्याकडं परत जातो. आणि .ईएक्सई (प्रोग्रॅमची) फाइल जोडलेली असेल तर जीमेल ती झिपमध्ये घातली तरी अडवतं. ड्राइव्हची लिंक मागवा.

आता उलट बाजू. तुमचं कोटेशन दुसऱ्याच्या स्पॅममध्ये जात असेल, तर बहुतेक तुमच्या डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या खुणा) लावलेलं नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून गुगल यातलं निदान एक तरी मागतं. कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, काँप्युटरवर ‘शो ओरिजिनल’ उघडा. दोन्हींपुढं ‘पास’ दिसलं नाही, तर वेबसाइटवाल्याला आजच फोन करा.