उन्हाळ्यात लिंबाचा थंडगार थाई चहा

आमच्या वर्धेकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दुपारी दुधाचा चहा घशाखाली उतरत नाही. थायलंडात लिंबाचा बिनदुधाचा गार चहा पितात, ‘चा मनाव’ म्हणतात त्याला. वावरातून आलेल्या माणसाच्या हाती तोच द्या.

चार गिलासांसाठी तीन कप पाण्यात एक चक्रीफूल आणि दोन विलायच्या ठेचून उकळा. गॅस बंद करून मगच तीन चमचे चहापत्ती टाका आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. आपल्यासारखा खळखळ उकळायचा नाही, कडसर होतो. गाळून गरम असतानाच सहा चमचे साखर विरघळवा. गार चहात ती तळाशीच बसते.

लिंबू मात्र चहा पूर्ण गार झाल्यावरच. दोन कागदी लिंबं पिळा, बिया काढा. रस पडताच काळपट रंग उजळून तांबूस होतो, बघतच राहावं असा! दूध अजिबात नको, लिंबानं फाटेल. चिमूटभर मीठ मी घालतेच, घामाच्या दिवसांत बरं वाटतं.

गिलास बर्फानं काठोकाठ भरा, वरून चहा ओता. लाईन गेली नि बर्फ नसला, तर पातेलं माठाच्या गार पाण्यात ठेवा.