जुन्या मिनीची सबफ्रेम आणि सस्पेन्शन जुळवताना या चुका टाळा

जुनी मिनी विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये ती नव्याने उभी करण्याची हौस ब्रिटनमध्ये अजून ओसरलेली नाही, आणि इथे स्थायिक झालेली मराठी मंडळीही त्यात मागे नाहीत. अडचण अशी की या हौशी मंडळींचा प्रश्न दरवेळी एकच असतो: गाडी एका बाजूला ओढते, तर टो किती ठेवू? टो, म्हणजे वरून पाहता चाके पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचे माप, ही या कामातली अगदी शेवटची पायरी आहे, आणि गाडी वाकडी चालण्याचे कारण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर असते. १९५९ ते २००० या काळात बनलेल्या मूळ मिनीमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची चाके एका सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीखाली बोल्टने आवळलेल्या लोखंडी चौकटीवर, बसतात, मागची चाके दुसऱ्या सबफ्रेमवर बसतात, आणि या दोन सबफ्रेम एकमेकींना थेट कुठेही जोडलेल्या नसतात. दोहोंमध्ये असतो तो फक्त बॉडीचा पत्रा. तो पत्रा गंजलेला असेल, किंवा कोणीतरी अंदाजाने वेल्ड केलेला असेल, तर स्टिअरिंगच्या ट्रॅक रॉडची टोके कितीही फिरवली तरी मागचा भाग पुढच्याच्या सरळ रेषेत येणार नाही.

सबफ्रेम न बसवता वेल्डिंग करणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल मला सविस्तरच लिहावे लागेल. मिनी सर्वात आधी गंजते ती दारांखालच्या सिलमध्ये आणि मागच्या सीटच्या पुढच्या उभ्या पत्र्यात, म्हणजे हीलबोर्डमध्ये. मागच्या सबफ्रेमची पुढची दोन टोके नेमकी या हीलबोर्डलाच धरलेली असतात. त्यामुळे हीलबोर्डचा कोपरा बदलणे म्हणजे मागच्या चाकांची जागा ठरवणे होय, हे ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी लक्षात घेतले पाहिजे.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाने रबर माउंटची, म्हणजे १९७६ नंतरची, एक मिनी घेतली होती. मुलगा हुशार, हाताला वळणही चांगले, पण धीर नावाला नाही. त्याने मागची जुनी सबफ्रेम भंगारात दिली आणि नवी सबफ्रेम पावडर कोटिंगला पाठवली. ती परत येईपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याने हीलबोर्डचा डावा कोपरा जुन्या पत्र्याच्या कडेवरून अंदाज घेऊन वेल्ड करून टाकला. सबफ्रेम आल्यावर पुढची दोन टोके नीट बसली. मागच्या डाव्या माउंटची भोके मात्र सुमारे सात मिलिमीटर सरकलेली निघाली. इथे थांबून विचार करण्याऐवजी त्याने गोल कानस घेतली, माउंटच्या पट्टीतली भोके लांबट केली आणि बोल्ट आवळले. गाडी रस्त्यावर आली तेव्हा सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग डावीकडे धरावे लागत होते, आणि मागून पाहिले तर गाडीचे शेपूट डावीकडे सरकलेले स्पष्ट दिसत होते. एका गॅरेजने पुढचा टो जुळवून, सगळे आकडे हिरव्या रंगात छापलेला कागद त्याच्या हाती दिला. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, अलाइनमेंट तर बरोबर आहे, मग स्टिअरिंगचा रॅकच खराब असेल का?"

नवा रॅक मागवण्याआधी आम्ही ओळंबा काढला. गाडी स्टँडवर समतल ठेवली, पुढच्या सबफ्रेमच्या मागच्या दोन बोल्टांपासून आणि मागच्या सबफ्रेमच्या पुढच्या दोन पिनांपासून ओळंबा सोडून फरशीवर खडूने चार खुणा केल्या, आणि तिरकी मापे घेतली. दोन्ही सबफ्रेम एकमेकींच्या सरळ रेषेत असतील तर दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. इथे सहा मिलिमीटरचा फरक आला. त्याचा अर्थ मागची सबफ्रेम जवळजवळ अर्धा अंश फिरलेली होती. मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे पुढून आत वळलेपणा, दोन्ही चाके मिळून जेमतेम एक सूत (सुमारे तीन मिलिमीटर) असतो. तेव्हा अर्ध्या अंशाने डावे चाक टो-आउटमध्ये, म्हणजे बाहेर वळलेले, गेले होते आणि उजवे दुपटीहून अधिक टो-इनमध्ये. हीलबोर्डचा तो कोपरा पुन्हा कापण्याखेरीज दुसरा इलाज नव्हता, आणि तो कापताना नव्या रंगाची जी दुर्दशा झाली तिचे वर्णन मी करत नाही.

माझी पद्धत साधी आहे. गंजलेली का असेना, पण न वाकलेली एक जुनी मागची सबफ्रेम मी गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवतो. नवा हीलबोर्ड किंवा सिल बसवताना ती सबफ्रेम आधी चारही टोकांना बोल्टने आवळून घ्यावी, पत्रा तिच्या ठिकाणांना टेकवावा, फक्त टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारावेत, कर्ण मोजावेत, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. वेल्डिंगच्या ठिणग्या नव्या पावडर कोटिंगवर उडू नयेत ही चिंता रास्त आहे, आणि त्यासाठीच जुनी सबफ्रेम जपायची असते. सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत लोखंडी नळ्या आडव्या वेल्ड करून घ्याव्यात आणि एका वेळी एकाच बाजूची सिल कापावी, हेही आलेच. दोन्ही सिल एकदम कापून मग दार का लागत नाही असे विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही.

एक बोल्ट पूर्ण आवळून दुसरा शोधणे

सर्व बोल्ट आधी हाताने फिरवून चार-पाच आट्यांवर घ्यावेत आणि मगच आळीपाळीने आवळावेत. एखादे भोक पहारीने ओढूनच जुळत असेल, तर ती सबफ्रेम किंवा तो पत्रा वाकडा आहे. पावडर कोटिंगचा जाड थर माउंटच्या बैठकीवरून आणि बोल्टच्या डोक्याखालून खरवडून काढावा. तो थर दबत जातो, आणि काही आठवड्यांत बोल्ट ढिले होतात.

दोरी चारही चाकांना टेकवणे

घरी अलाइनमेंट करणाऱ्यांची ही सर्वात लाडकी चूक. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या बाहेरच्या बाजूला दोरी टेकवायची आणि ती सरळ आहे म्हणून चाके सरळ, असा निष्कर्ष काढायचा. मिनीचा मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, पुढच्यापेक्षा साधारण चार सेंटीमीटरने अरुंद असतो. त्यामुळे सरळ बसलेल्या गाडीतही दोरी पुढच्या चाकाला टेकली की मागच्या चाकापासून तिचे अंतर सुमारे दोन सेंटीमीटर राहायला हवे. दोरी चारही चाकांना टेकत असेल तर एक तर ती दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर नाही, किंवा कोणीतरी चाके बाहेर सरकवणारे स्पेसर घातले आहेत.

दोरी चाकांना न लावता गाडीपासून दूर, पुढेमागे ठेवलेल्या दोन नळ्यांवर ताणावी आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांमधले अंतर पुढे व मागे अगदी सारखे ठेवावे. मग पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचे अंतर सारखे, मागच्या दोन्ही हबपासूनही सारखे, पण मागे पुढच्यापेक्षा सुमारे दोन सेंटीमीटर जास्त, असे होईपर्यंत दोऱ्या सरकवाव्यात. यात वेळ जातो. हा वेळ ज्यांना नको असतो तेच पुढे टायरवर पैसे घालवतात.

रिमवर माप घेताना आणखी एक गोष्ट सुटते. जुन्या रिम क्वचितच अगदी गोल असतात. म्हणून रिमच्या पुढच्या कडेवर खडूची खूण करून माप घ्यावे, गाडी ढकलून चाक अर्धे फिरवावे, ती खूण मागे आल्यावर पुन्हा त्याच खुणेवर माप घ्यावे. असे केल्याने रिमचा वाकडेपणा हिशोबातून निघून जातो. पुढच्या चाकांना दोन्ही मिळून अर्धे सूत, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर, टो-आउट ठेवावा. इंजिनची ताकद पुढच्याच चाकांना मिळत असल्याने वेग घेताना ती आतल्या बाजूला वळू पाहतात, म्हणून उभ्या गाडीत ती किंचित बाहेर वळलेली लागतात. इंजिनची ताकद मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीचा आकडा मिनीला लावून "थोडा टो-इन दिला की गाडी स्थिर राहते" असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे.

रॅक मध्यावर न आणता टो जुळवणे

मिनीच्या स्टिअरिंग रॅकच्या आवरणात एक छोटे भोक असते; त्यावरचे बूच काढून आत योग्य जाडीची पिन घातली की रॅक नेमका मध्यावर अडकतो. ही पिन असताना चाकाकडे बघून "साधारण सरळ" म्हणणे हा निव्वळ आळस आहे. तसेच रॅक धरणारे यू-बोल्ट आधी ढिले ठेवून स्टिअरिंगचा दांडा जोडावा आणि मगच ते आवळावेत, नाहीतर दांड्यावर ताण राहतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही.

लटकत्या चाकांवर बुश आवळणे

खालच्या आर्मचे आणि टाय रॉडचे नट गाडी जॅकवर असताना फक्त बसवून ठेवावेत. गाडी चाकांवर उतरवून, थोडी पुढेमागे ढकलून, मग शेवटचे आवळावे. नाहीतर बुश, म्हणजे सांध्यातले रबर, कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

उंची ठरवण्याआधी चाकांचे झुकाव मोजणे

मिनीत स्प्रिंगच्या जागी रबर कोन, म्हणजे रबरी शंकू, असतो, आणि नवा कोन पहिल्या काहीशे मैलांत दबतो. म्हणून नवे कोन बसवल्याच्या दुसऱ्याच दिवशी कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) आणि टो बारीक जुळवण्यात अर्थ नाही. गाडी चालवण्यापुरते जुळवावे आणि कोन बसल्यावर पुन्हा मोजावे.

गाडी खाली बसवण्यासाठी कोनावरचा ट्रम्पेट, म्हणजे कोन आणि आर्म यांच्यामधली दांडी, हॅक्सॉने कापणारे महाभाग अजूनही भेटतात. ट्रम्पेटची लांबी बदलली की चाकाच्या जागी तो फरक पुढे साधारण तिप्पट आणि मागे पाचपट होतो. कापताना एका बाजूला तीन मिलिमीटर जास्त गेले तर मागची ती बाजू दीड सेंटीमीटर खाली बसते, आणि मग सबफ्रेम वाकडी असल्याचा संशय घेतला जातो. उंची बदलायचीच असेल तर फिरवता येणारे ट्रम्पेट घ्यावेत. १९६४ नंतर काही वर्षे आलेल्या हायड्रोलॅस्टिक गाड्यांना हे लागू नाही. तिथे उंची द्रवाच्या दाबावर असते आणि तो दाब पंपानेच भरावा लागतो.

एक बाजू खाली असल्याचे कारण बऱ्याचदा याहून क्षुल्लक असते. बॉडी जॅकने उचलल्यावर शॉक अब्सॉर्बर जोडलेला नसेल तर चाक जास्त खाली लटकते आणि ट्रम्पेटच्या टोकाच्या नकल जॉइंटचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीतून बाहेर येतो. तसेच उतरवले की वाटी फुटते आणि गाडी त्या कोपऱ्यात बसते. उतरवण्यापूर्वी चारही नकल जॉइंट बोटाने चाचपून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

मागच्या आर्मकडे दुर्लक्ष

मागचे एखादे चाक वरून आत झुकलेले दिसले तर कॅम्बरच्या पट्ट्या विकत घेण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. खडखड आली तर मागचे चाक धरणाऱ्या रेडियस आर्मचे बेअरिंग गेले आहे. या आर्मच्या एका टोकाला सुई बेअरिंग आणि दुसऱ्या टोकाला कांस्याचा बुश असतो, आणि तो बुश ठोकून बसवल्यावर सुई बेअरिंगच्या रेषेत रीम करावा, म्हणजे आतून नेमक्या मापाला कातावा लागतो. रीमर नसेल तर आर्म जाणकाराकडे द्यावा. आर्मच्या आतली ग्रीस वाहून नेणारी नळी काढून टाकली असेल तर एकाच बेअरिंगला ग्रीस पोहोचते आणि नवे बेअरिंगही तसेच जाते. मागचा टो मुळात बदलता येत नाही, म्हणून गरज असेल तिथे बाहेरच्या ब्रॅकेटखाली शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालाव्यात, पण ते वरचा कर्णांचा हिशोब जुळल्यानंतरच.

गाडी ४० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर ब्रिटनमध्ये तिला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट मिळते, आणि ही सूट म्हणजे तपासणीची गरजच नाही असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. एमओटीत सस्पेन्शनच्या माउंटपासून ३० सेंटीमीटरच्या आतला, पत्र्याची ताकद बरीच कमी करणारा गंज दोष धरला जातो. सूट असली तरी मी गाडी दरवर्षी तपासून घेतो, आणि तपासनिसाला हीलबोर्डचे दोन्ही कोपरे मुद्दाम बघायला सांगतो.