कराटे क्लासचा अभ्यासक्रम आखताना या चुका टाळा

दुसऱ्या क्लासमधून ब्राउन बेल्टची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायरीची, एक मुलगी आमच्याकडे आली. पाचही हेइआन काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींचे संच) तोंडपाठ, हातात जोर, किआई म्हणजे हल्ल्याची आरोळी खणखणीत. तिला म्हटलं, हेइआन निदान या कात्याची पहिली हालचाल कर आणि तिथेच थांब. ती कोकुत्सु-दाची या उभं राहण्याच्या पद्धतीत असते, आणि तिच्यात साधारण सत्तर टक्के वजन मागच्या पायावर हवं. तिचं वजन दोन्ही पायांवर निम्मं-निम्मं होतं आणि मागचा गुडघा आत कलला होता. पुढचा पाय जरा उचलायला सांगितला, तर ती लगेच पुढे झुकली.

मुलगी कष्टाळू होती, एकही दिवस न बुडवणारी. सुरुवातीच्या बेल्टला राहिलेली ही त्रुटी तिच्या प्रत्येक कातात शिरली, आणि दर परीक्षेत ती पास होत गेली. अशी मुलं मला वरचेवर भेटतात. दोष बहुतेक वेळा मुलांचा नसतो, काय कधी शिकवायचं याच्या आखणीचा असतो.

परीक्षेच्या तारखेवर अभ्यासक्रम बेतणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग म्हणजे बेल्टची परीक्षा ठरलेली, म्हणून तीन महिन्यांत एक काता ‘संपवायचा’. शेवटचे पंधरा दिवस नुसतं घोकणं, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुढचा काता सुरू. मुलाला हालचालींचा क्रम येतो, हालचाल येत नाही.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक बेल्टसमोर नुसती तंत्रांची नावं न लिहिता, डोळ्यांनी तपासता येईल अशी कसोटी लिहा. ‘झेन्कुत्सु-दाची’ (पुढच्या पायावर जास्त भार देऊन उभं राहणं) एवढंच लिहिलं की प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. ‘झेन्कुत्सु-दाचीत पाच पावलं पुढे, पाच मागे, डोकं वर-खाली होत नाही, मागची टाच उचलत नाही’ असं लिहिलं की मुलालाही कळतं आणि पालकांनाही. परीक्षेच्या दोन आठवडे आधी वर्गातच ही तपासणी करा. जो तयार नाही त्याला त्या वेळी बसवू नका, आणि हे पालकांना प्रवेश घेतानाच सांगून ठेवा. ऐन परीक्षेच्या तोंडावर सांगितलं की मन दुखावतंच.

इथे पैशाचंही बोललं पाहिजे. क्लासचं भाडं परीक्षा फीमधून निघत असेल, तर मुलाला थांबवण्याची हिंमत सरांना होत नाही. मासिक फी थोडी वाढवा, पण परीक्षेवर खर्चाचा भार ठेवू नका.

कातांचा क्रम न समजता शिकवणं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटेशिक्षक आंको इतोसू यांनी ओकिनावा बेटावरच्या शाळकरी मुलांसाठी पाच पिनान काता बांधले. पुढे शोतोकान कराटेचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी जपानच्या मुख्य भूमीवर त्यांना हेइआन हे नाव दिलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. इतोसूंचा पहिला काता तो आज शोतोकानमध्ये हेइआन निदान. त्यात सुरुवातच कोकुत्सु-दाचीत आहे, पुढे बाजूची लाथ आहे. नवशिक्याला ते जड जातं. हेइआन शोदानमध्ये मात्र बहुतेक काम झेन्कुत्सु-दाचीत, सरळ ठोसा आणि सरळ ब्लॉकवर चालतं, आणि अगदी शेवटी चार शुतो-उके (तळहाताच्या कडेने केलेले ब्लॉक) कोकुत्सु-दाचीत येतात. म्हणजे पुढच्या कात्याची तयारी आधीच्या कात्याच्या शेवटाला ठेवलेली आहे.

ह्या चार शुतो-उके घाईत उरकल्या की हेइआन निदान कच्चा राहतो. म्हणून मुलाचा हेइआन निदान बिघडला तर तोच पुन्हा पुन्हा करून घेऊ नका, हेइआन शोदानच्या शेवटावर परत जा. त्या मुलीबरोबर आम्ही सहा आठवडे तेवढंच केलं. प्रत्येक शुतो-उकेनंतर थांबायचं, पुढचा पाय जमिनीपासून चार बोटं उचलायचा, पाचपर्यंत मोजायचं. पहिल्या आठवड्यात दोनच आकडे व्हायचे.

सगळ्या बेल्टना एकाच रांगेत एकच धडा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये तासाभराची एकच बॅच, पंचवीस मुलं, व्हाइटपासून ब्राउनपर्यंत. सर ब्लू बेल्टचा काता घेतात तेव्हा लहान मुलं ड्रेसच्या दोऱ्या चावत उभी राहतात. मग सरांचा आवाज चढतो. पण त्या मुलांना करायला काही दिलेलंच नसतं.

दोन आठवड्यांसाठी एकच विषय धरा आणि तो प्रत्येकाला त्याच्या पायरीवर द्या. माए-गेरी, म्हणजे समोर मारायची लाथ, घ्या. व्हाइट बेल्टने फक्त गुडघा छातीकडे आणून लाथ मारून पाय परत ओढायचा. ग्रीन बेल्टने त्याच लाथेनंतर नेमकं झेन्कुत्सु-दाचीत उतरायचं. ब्राउन बेल्टने लाथेपाठोपाठ दोन ठोसे, अंतर राखून. वॉर्मअप आणि किहोन (मूलभूत तंत्रांचा सराव) सगळ्यांचं एकत्र, मग वीस मिनिटं बेल्टप्रमाणे गट, शेवटी जोड्या. गटांच्या वेळेत सिनिअर मुलांकडे ज्युनिअर सोपवणार असाल, तर काय शिकवायचं याबरोबर काय शिकवायचं नाही हेही त्यांना लिहून द्या. सोळा-सतरा वर्षांच्या ब्लॅक बेल्टला आपल्याला येतं ते सगळं दाखवायचा उत्साह असतो.

कुमितेच्या पायऱ्या गाळणं

कुमिते म्हणजे जोडीदाराशी लढतीचा सराव. गोहोन (ठरलेले पाच हल्ले), सानबोन (तीन), किहोन इप्पोन (उभ्या जागेवरून ठरलेला एक), जियू इप्पोन (मोकळेपणाने हलत ठरलेला एक) आणि मग मोकळं जियू कुमिते, ही शिडी आहे. जिल्हास्पर्धा जवळ आली की मधल्या पायऱ्या गाळून मुलांना थेट ग्लोव्ह्ज चढवले जातात. लक्षणं ओळखणं सोपं आहे: ठोसा येताना मूल डोळे मिटतं, मान फिरवतं किंवा दोन्ही हात पुढे करून नुसतं धावत सुटतं. याला भित्रं म्हणू नका. अंतर आणि वेळ या दोन गोष्टी त्याला मिळालेल्याच नाहीत. किहोन इप्पोनवर परत आणा, हल्ला कुठे येणार ते आधी सांगा, महिन्याभरात डोळे उघडे राहू लागतात.

पडायला शिकवणं तर बऱ्याच कराटे क्लासमध्ये होतच नाही, आणि पाय झाडून पाडायची स्वीप मात्र शिकवली जाते, तीही कोब्यावर. ज्युदोकडून इथे खूप घेण्यासारखं आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. तिथे १८९५ मध्ये फेकी (समोरच्याला उचलून किंवा तोल घालवून पाडण्याची तंत्रं) पाच गटांत लावल्या गेल्या आणि १९२० मध्ये प्रत्येक गटात आठ अशा चाळीस फेकींची फेररचना झाली. पहिल्या गटात दे-आशी-हराई (पुढे येणारा पाय झाडणं), शेवटच्या गटात उरा-नागे (उचलून मागे फेकणं). जसजसं वरच्या गटात जाल तसतसं पडणाऱ्यालाही पडणं अवघड होत जातं. कराटेतही उकेमी, म्हणजे इजा न होता पडण्याचं तंत्र, यलो बेल्टलाच द्या, मॅटवर, आणि ती पक्की होईपर्यंत स्वीप नको.

वर्ष बारा महिन्यांचं धरणं

कागदावर बारा महिने असतात. गणपती, सहामाही, दिवाळी, वार्षिक परीक्षा आणि गावी जाणं वजा केलं की हातात आठ-नऊ महिने उरतात. अभ्यासक्रम तेवढ्याचाच आखा. सुट्टीनंतरचा पहिला आठवडा नवं काही नको. ब्राउन बेल्टसकट सगळ्यांनी हेइआन शोदानपासून सुरुवात करायची. मे महिन्यातल्या शिबिरात येणाऱ्या मुलांसाठी वेगळा छोटा कार्यक्रम ठेवा: पडणं, उभं राहणं, सरळ ठोसा, आणि मैदानावरचे खेळ. वीस दिवसांच्या शेवटी त्यांना यलो बेल्ट देऊ नका. नाहीतर जूनमध्ये तीच मुलं नियमित बॅचला आली, की बेल्ट असलेली पण उभं राहता न येणारी एक वेगळी रांग तुमच्याच वर्गात तयार होते.