ब्रेक पॅड घरीच बदलायलाव? मग या चुका टाळा

कारच्या पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलणं तसं लई अवघड नाही. चाक काढायचं, कॅलिपरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारी पकड) खालचा बोल्ट खोलायचा, कॅलिपर वर उचलायचा, जुने पॅड काढून नवे बसवायचे, हात बसलेला माणूस एका बाजूला अर्धा तास लावतो. पण मोबाईलवर व्हिडिओ बघून बसणारे फसतात त्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन मी स्वतः केल्यात म्हणून लिहायलोय.

पहिली चूक तर कॅलिपरला हात लावायच्या आधीच होते, ती जॅकची. आपल्याकडं घरापुढं नाहीतर शेताच्या कडेला काळी माती, वरून दगडासारखी टणक दिसते पण एक सर पडून गेली की जॅकचं बूड हळूहळू आत जातंय. माझं गेलं होतं, नशीब चाक अजून जागेवर होतं. खाली जाड लाकडी फळी टाका, नुसती फरशी नको, ती वजनानं तडकते. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा, मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा. आणि डिक्कीतला जॅक गाडी उचलायला आहे, धरून ठेवायला नाही, त्याला स्टँड लागतोच.

दुसरी चूक बॉनेटखाली. पॅड झिजत जातात तसं ब्रेक ऑइलची लेव्हल आपोआप खाली येते, आपण ते बघून मध्येच वरपर्यंत भरून ठेवतो, मग नव्या जाड पॅडसाठी कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत दाबला की सगळं ऑइल वर येऊन बाहेर. ते रंग खातंय, सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. आधीच थोडं ऑइल सिरिंजनं काढून घ्यायचं. टॉप अप करायचं असंल तर ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ का डॉट ४ (ब्रेक ऑइलचे प्रकार) लिहिलंय तेच, इंजिन ऑइल चुकून पडलं तर आतले रबरी सील फुगतात आणि मग खर्च पॅडचा राहत नाही.

आता खरी गोष्ट. चाकाच्या जाळीतून डोकावून बाहेरचा पॅड बघायचा आणि "अजून चालतेत की" म्हणून सोडून द्यायचं, हे आपण सगळे करतो. माझ्या गाडीत बाहेरचा पॅड चांगला निम्मा शिल्लक होता, आतला काढला तर मटेरियल संपून लोखंडी पट्टी डिस्कवर घासत होती, डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. कारण काय तर स्लाइड पिन. कॅलिपर या दोन पिनांवर पुढं-मागं सरकतो, त्या जाम झाल्या की पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच मार खातो. माझ्या पिनचा रबरी बूट फाटला होता, आत पावसाळ्यातला चिखल जाऊन वाळून खपली धरलेली, पिन हातानं हलंना. नुसते नवे पॅड टाकले असते तर आतला परत तसाच गेला असता. म्हणून जुने पॅड लगेच भंगारात फेकू नका, चारी शेजारी-शेजारी ठेवून बघा, एक जास्त झिजला असंल तर तिथं काहीतरी अडकलंय. पिन काढून पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर बूट फुगतो. वरची पिन खाली आणि खालची वर घालू नका, बऱ्याच गाड्यांत त्या वेगळ्या असतात. मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं की पॅड बदला, आणि बदलायचे तर दोन्ही बाजूचे, एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

कॅलिपर काढल्यावर ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेनं नाहीतर सुतळीनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ग्रीसचा हात पॅडला किंवा डिस्कला लागू देऊ नका. पॅड उलटा बसवणारेही बघितलेत, हसू नका, घाईत होतंय.

आणि माझी सगळ्यात भारी चूक. सगळं झालं, नट आवळले, हात धुतले, गाडी सुरू करून रिव्हर्स टाकला, ब्रेक दाबला तर पेडल थेट खाली मॅटला. पिस्टन आत दाबलेला असतो, तो पॅडला येऊन टेकायला पेडल बंद गाडीतच पाच-दहा वेळा दाबायचं असतं, कडक लागेपर्यंत. गाडी पपईच्या झाडाला टेकून थांबली. आई ओट्यावरून म्हणाली, "आरं ब्रेक बदललास का काढून टाकलास?"

पहिल्याच दिवशी मांजरसुंब्याहून बीडकडं उतरायचा नाहीतर कन्नडचा औट्रम घाट करायचा बेत आखू नका. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडवरून १०-१५ पर्यंत हळू ब्रेक मारा, पूर्ण थांबू नका, असं आठ-दहा वेळा, मध्ये गार होऊ द्या, मग पॅड डिस्कला बसतात.

नंतर चीं-चीं आवाज यायलाय? पॅडच्या कडेच्या क्लिपा आणि मागची पातळ पत्री जुनीच गंजलेली घातली का बघा. पेडल पंप करूनही स्पंजसारखं लागतंय तर लाइनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग (ती हवा बाहेर काढणं) करावं लागेल, तोवर गाडी काढू नका. स्टेअरिंग थरथरतंय तर डिस्क बघा, तिच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, त्याच्या खाली गेली तर लेथवर घासून उपयोग नाही, नवीच. थोडं फिरून आल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा लई तापलंय, वास यायलाय, तर कॅलिपर अडकलाय, परत खोला.

मागं पण डिस्क आणि हँडब्रेक बटणाचा असंल तर तो पिस्टन मोटरवर चालतो, आधी सर्व्हिस मोडला (मोटर पिस्टन मागं घेते ती सेटिंग) टाकावा लागतो. तिथं मात्र वर्कशॉपला जा, सी-क्लॅम्प (स्क्रूनं आवळायचा शिकंजा) लावून जोर काढलात तर पॅडच्या पैशात मोटर येत नसते.